अड्डा नसलेला जुगार आणि आपला कायदा

मांडवगण फराट्याच्या पारावर चौघे जण पत्ते पिसून बसले, मध्ये घोंगडी अंथरली आणि तिच्यावर नोटा पडू लागल्या, तर पुढे काय व्हावयाचे हे गावातला शाळकरी पोरही सांगेल. पोलीस येतील, पंच बोलावतील, पत्ते आणि रोकड जप्त करतील आणि चौघांनाही कोर्टाची पायरी चढावी लागेल. आता असे समजा की, हेच चौघे रात्री जेवणे उरकून आपापल्या घरी अंथरुणावर आडवे झाले आहेत. प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. डाव तोच, पत्ते तेच. भिडू मात्र कोण आणि कुठला हे ठाऊक नाही, आणि लागलेली रक्कम पारावरच्या दसपट आहे. येथे घोंगडी नाही, नोटा नाहीत, दाराशी राखण करणारा पोरगा नाही. २०२५ च्या ऑगस्टपर्यंत या दुसऱ्या डावाला आपल्या राज्यात बहुतेक लोक कायदेशीर खेळ समजत होते. त्याच्या जाहिराती उघडपणे झळकत आणि नामांकित क्रिकेटपटू व नट त्या करीत.

एकाच कृत्याला पारावर गुन्हा आणि अंथरुणावर करमणूक असे का म्हटले गेले, आणि पुढे ते का बदलले, हे आज समजून घ्यावयाचे आहे. हा प्रश्न केवळ वकिलांचा नव्हे. भीमेच्या काठी, शिरूर-दौंडच्या या पट्ट्यात, शेतकऱ्याच्या घरी पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. उसाचे बिल, कांद्याची पट्टी, जमीन गेली असेल तर तिचा मोबदला, असा तो एकरकमी येतो आणि त्यावर वर्ष काढावयाचे असते. पूर्वी हा पैसा घरातल्या माणसांच्या डोळ्यांसमोरून पेटीत जात असे. आता तो बँकेच्या खात्यावर येतो आणि खाते मोबाईलला जोडलेले असते. वर्षाचा पैसा एका रात्रीत जाऊ शकतो, आणि तो गेल्याचे शेजारच्या खोलीत निजलेल्या माणसालाही कळत नाही. म्हणून कायदा कोठे उभा आहे आणि कोठे नाही, हे प्रत्येक घराने जाणून घेतले पाहिजे.

बंदी की देखरेख?

जुगाराविषयीचा वाद आपल्याकडे नवा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक सूक्त जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचेच आहे, आणि द्यूतसभेत काय घडले हे महाभारत ऐकलेल्या कोणाला सांगावयास नको. शास्त्रकारांत मात्र उपायाबद्दल एकमत नव्हते. निर्जीव साधनांनी खेळावयाचे ते द्यूत आणि सजीव प्राण्यांवर पैज लावावयाची तो समाह्वय, असा भेद करून मनूने दोन्ही गोष्टी राज्यातून हद्दपार कराव्यात असे सांगितले. कौटिल्याचा मार्ग वेगळा होता. त्याने द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी नेमला, जुगार एकाच ठरावीक जागी चालावा असा नियम केला आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ राजाकडे घ्यावेत असे ठरविले. याज्ञवल्क्यस्मृतीही राजाच्या देखरेखीखालील द्यूतगृह मान्य करते.

म्हणजे एक पक्ष म्हणतो, बंद करा; दुसरा म्हणतो, बंद होणार नाही, तेव्हा डोळ्यांसमोर ठेवा आणि कर घ्या. आजचे आपले कायदे या दोन्ही पक्षांचे मिश्रण आहेत. महाराष्ट्रात मटक्याला बंदी आहे, पण १९६९ साली सरकारने स्वतःची राज्य लॉटरी सुरू केली. तीनपत्तीला बंदी आहे, पण महालक्ष्मीच्या मैदानावर परवान्याने घोड्यांच्या शर्यती चालत आल्या. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंना परवाने देणारा कायदा केला आणि तो कधी अमलातच आणला नाही. शेवटी २०२३ साली तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. त्याच १९७६ सालच्या आपल्या जुगार कायद्यात शेजारच्या गोव्याने पुढे १९९० नंतर दुरुस्त्या केल्या आणि पंचतारांकित हॉटेलांत व नंतर जहाजांवर कॅसिनो येऊ दिले. ही विसंगती आधीच ध्यानात ठेवलेली बरी. कारण 'सरकार स्वतः लॉटरी विकते, मग आम्हीच काय केले?' हा प्रश्न जुगारवाल्यांच्या तोंडी नेहमी असतो आणि तो अगदीच खोटा नसतो.

१८८७ चा कायदा कशाला धरतो

पारावरच्या चौघांना पकडणारा कायदा १८८७ सालचा, म्हणजे मुंबई इलाख्यातला. त्याला आता महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम म्हणतात. त्याची बांधणी तीन गोष्टींवर आहे. पहिली गोष्ट जागा. सार्वजनिक जुगारगृह चालविणारा, जागा देणारा आणि तेथे खेळताना सापडणारा असे सर्व गुन्हेगार ठरतात. रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी जुगार खेळणारालाही धरता येते. दुसरी गोष्ट साधन. पत्ते, फासे, चिठ्ठ्या, हिशेबाच्या वह्या, जुगारातून आलेला पैसा, हे सर्व 'जुगाराचे साधन' होय. रीतसर अधिकारपत्र घेऊन छापा घातला आणि साधने सापडली, तर ती जागा जुगारगृह आहे असे कोर्ट प्रथमदर्शनी धरून चालते. तसे नाही हे आरोपीने दाखवावयाचे. तिसरी गोष्ट नफा. जागा चालविणारा त्यातून कमाई करीत असला पाहिजे, हा जुगारगृहाच्या व्याख्येचा गाभा आहे.

या कायद्याचे एक वैशिष्ट्य असे की, जुगाराने नवे रूप घेतले की त्याच्या मागून कायद्यात एक नवा शब्द शिरतो. मुंबईत त्या काळी पावसावर सट्टा चाले. ठरलेल्या वेळात पाऊस पडेल की नाही, पडला तर किती, यावर माणसे पैसे लावीत. खटला उच्च न्यायालयात गेला तेव्हा, १८८९ साली, न्यायालयाने सांगितले की, कायद्याच्या तत्कालीन शब्दांत हा प्रकार बसत नाही. लागलीच १८९० साली दुरुस्ती झाली आणि पाऊस कायद्यात आला. आजही त्या कायद्यात पर्जन्यमान आणि अन्य नैसर्गिक घटना यांवरील पैजांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच्याच जोडीला कापूस, सोने-चांदी, शेअर यांचे बाजारभाव आणि त्या भावांतील आकडेही आहेत.

हे आकडे म्हणजेच मटक्याचे मूळ. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना व बंद होताना निघणाऱ्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैसे लागत. तिकडून भाव येणे थांबले, तेव्हा १९६२ च्या सुमारास मुंबईत आकडा काढण्याची स्वतंत्र व्यवस्था निघाली. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावे त्या काळी घरोघर पोचली होती. सात समुद्रांपलीकडच्या बाजाराचा आकडा मुंबईच्या चाळीत जुगाराला पुरत होता, ही गोष्ट विसरू नये. दूरवरून चालणारा जुगार मोबाईलने प्रथम आणला असे नाही. मात्र मटक्यातही अखेरच्या टोकाला एक माणूस असे. तो चिठ्ठी लिही, पैसे घेई, आणि पोलिसांना तो सापडे.

मोबाईलने हेच टोक छाटून टाकले. घरी पडून खेळणाऱ्याची खोली ही जुगारगृह नव्हे, कारण घरमालक त्यातून काही कमावीत नाही. साधन म्हणावे तर मोबाईल, पण त्यावरच मुलगी अभ्यास करते आणि आई लेकीशी बोलते. नफा घेणारा तिऱ्हाईत शहरात, कधी तिऱ्हाईत देशात. जागा, साधन आणि नफा या तीन गोष्टी एकाच छताखाली सापडतील असे गृहीत धरून रचलेला कायदा येथे चाचपडू लागला.

हरलेला पैसा आणि दिवाणी कोर्ट

फौजदारी कायद्याच्या बरोबरीने आपल्याकडे एक शांत पण मोठा उपयोगी दिवाणी नियम आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ३० सांगते की, पैजेचा करार निरर्थक आहे. जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. घोड्यांच्या शर्यतीतील ५०० रुपये वा त्याहून मोठ्या बक्षिसाच्या वर्गणीपुरता त्याला अपवाद आहे. मुंबई इलाख्यात तर १८६५ पासूनच याहून कडक कायदा होता. पैज तर निरर्थकच, पण पैजेला साह्य करण्यासाठी केलेला करारही निरर्थक. १९५९ साली घेरुलाल पारख यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नीट उलगडून दाखविला. पैजेचा करार निरर्थक असला तरी तेवढ्याने तो बेकायदा हेतूचा ठरत नाही, त्यामुळे देशात इतरत्र त्याला जोडलेले करार टिकू शकतात. पूर्वीच्या मुंबई इलाख्यात मात्र तेही टिकत नाहीत.

या नियमाने अनेक घरे वाचविली असतील. जुगार उधारीवर चाले तेव्हा हरणाऱ्याला म्हणता येई की, जा, दावा लाव. कोर्ट जिंकणाऱ्याला उभे करीत नसे. पण मोबाईलवरच्या खेळात पैसे आधी भरावे लागतात आणि डाव मागाहून लागतो. उधारी नाही, म्हणून वसुलीचा दावा नाही, म्हणून कलम ३० चे संरक्षणही उपयोगाचे नाही. हरणारा ज्याच्याकडून उसने घेतो तो बहुधा वेगळाच: पतसंस्था, सावकार, पाहुणा, नाहीतर मोबाईलवरच कर्ज देणारी कंपनी. त्याला पैसे कशासाठी नेले हे ठाऊक नसेल, तर ते कर्ज खरे कर्ज होय आणि फेडावेच लागते. दीडशे वर्षे उभी असलेली एक भिंत अशा रीतीने कोणी न पाडताच निकामी झाली.

बंगलोरचे शब्दकोडे

राज्यघटनेने 'पैजा व जुगार' हा विषय राज्यांच्या सूचीत, ३४ व्या क्रमांकावर घातला आहे. मग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालणाऱ्या जुगाराचे काय? हा प्रश्न मोबाईलच्या कितीतरी आधी उभा राहिला होता. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत वर्तमानपत्रांतील शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांना उधाण आले होते. चमारबागवाला नावाचे गृहस्थ अशी स्पर्धा चालवीत. त्यांचे साप्ताहिक बंगलोरला छापले जाई, पण प्रवेशिका आणि प्रवेशशुल्क भरणाऱ्यांत मुंबई राज्यातील लोक मोठ्या संख्येने असत. मुंबई सरकारने आपल्या १९४८ च्या कायद्याखाली त्यांच्यावर परवाना व कर लावला. चमारबागवाला म्हणाले, धंदा म्हैसूर राज्यातला आणि तो करणे हा आमचा मूलभूत हक्क.

एप्रिल १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. मुख्य न्यायाधीश सुधीरंजन दास यांनी निकालात ऋग्वेदापासून मनू-याज्ञवल्क्यांपर्यंतचा आढावा घेतला आणि जुगार हा घटनेला अभिप्रेत असलेला व्यापार-धंदा नव्हेच, असे सांगितले. पत्र बंगलोरला छापले तरी ते मुंबई राज्यात पसरते, लोकांना येथे भुलविते आणि पैसे येथे गोळा होतात, एवढा संबंध या राज्याच्या कायद्याला पुरेसा आहे, असेही ठरले. दूरदेशी ठेवलेल्या यंत्रावरून गावातल्या मोबाईलवर चालणाऱ्या खेळाला हाच विचार जसाच्या तसा लागू करून पाहावा.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. संसदेने १९५५ साली बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला आणि महिन्याला १,००० रुपयांहून अधिक बक्षिसाच्या स्पर्धांना बंदी घातली. विषय राज्यांचा असल्यामुळे संसदेने तो मुंबईसह काही राज्यांनी ठराव करून विनंती केल्यावर केला. त्याविषयीच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, ही बंदी नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांपुरतीच आहे. ज्यांत कौशल्याचा भाग मोठा आहे, त्यांना ती लागू नाही. पुढच्या सगळ्या भांडणाचे बीज या एका भेदात होते.

कौशल्य की नशीब

आपल्या १८८७ च्या कायद्यातही कलम १३ आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, असे ते म्हणते. बुद्धिबळ खेळणाऱ्याला पोलिसांनी उठवू नये, एवढाच त्याचा साधा अर्थ. मग रमीचे काय? १९६७ साली आंध्र प्रदेशातील एका क्लबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तीनपत्तीसारखा रमी हा केवळ नशिबाचा खेळ नव्हे. पडलेले पत्ते ध्यानात ठेवावे लागतात, कोणते धरावे आणि कोणते टाकावे यात कसब आहे, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ होय. १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीलाही तोच न्याय मिळाला.

मोबाईलवरच्या कंपन्या या निकालांच्या पायावर उभ्या राहिल्या. खऱ्या सामन्यातील खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडून त्यावर पैसे लावण्याचा 'ड्रीम ११' सारखा खेळही कौशल्याचाच, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटले. दुसऱ्याच वर्षी ती कंपनी आयपीएलची मुख्य पुरस्कर्ती झाली. जो व्यवहार पूर्वी दबक्या आवाजात चाले, तो आता घरोघर दूरदर्शन संचावरून साद घालू लागला.

परंतु १९६७ च्या त्या निकालात आणखी एक भाग आहे, तो जाहिरातीत कधी आला नाही. रमी कौशल्याची खरी. पण क्लबाचा मालक पैशाने चाललेल्या डावातून नफा काढीत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असेही न्यायालयाने तेथे नमूद केले होते. क्लबाने बसण्याचे किरकोळ शुल्क घेणे निराळे आणि प्रत्येक डावावर हिस्सा कापणे निराळे. कंपन्या पहिला भाग सांगत राहिल्या. दुसऱ्या भागाचा अर्थ काय, यावर उच्च न्यायालयांत पुढे पुष्कळ वाद झाले.

नाल

हा हिस्सा म्हणजे काय, हे पत्त्याच्या अड्ड्याची माहिती असणाऱ्यांना ठाऊक आहे. अड्डेवाला प्रत्येक डावातून जो कापतो त्याला नाल म्हणतात. मटक्यातील नाल उघड दिसते. ० ते ९ असे दहा आकडे. दहा जणांनी एकेक रुपया वेगवेगळ्या आकड्यांवर लावला तर १० रुपये जमतात, आणि रुपयाला ९ च्या भावाने जिंकणाऱ्याला ९ मिळतात. उरलेला रुपया चालविणाऱ्याचा. तो दर वेळी त्याचाच.

आता मोबाईलवरचा डाव घ्या. उदाहरणासाठी असे धरू की, कंपनी प्रत्येक डावातून शेकडा १० कापते. दहा मित्र प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले. म्हणजे मंडळींत एकूण १०,००० रुपये आहेत. प्रत्येक डावाला प्रत्येकाने १०० रुपये लावले, की १,००० जमतात. १०० कंपनीचे, ९०० जिंकणाऱ्याचे. पन्नास डाव झाले की कंपनीकडे ५,००० गेले. हाच क्रम शंभर डाव चालला तर १०,००० गेले, म्हणजे मंडळींकडे एक रुपयाही उरला नाही. दहाजण कितीही हुशार असोत, हिशेब बदलत नाही. कौशल्याने एवढेच ठरते की, कोण आधी बुडेल आणि कोण मागाहून. आपण भिडूवर मात करतो तेव्हाही नाल आपल्यावर मात करीत असते.

पारावर एका डावाला दहा मिनिटे लागत. माणसे चहाला उठत, हरणारा खिसा झटकून घरी जाई. मोबाईलवर डाव मिनिटांत संपतो आणि दुसरा तयार असतो. रात्री दोन वाजताही भिडू हजर. रिकामा खिसा ही पूर्वी एक मर्यादा होती. आता खिसा म्हणजे पूर्ण बँक-खाते, आणि त्याच्या मागे कर्ज. म्हणून कौशल्य किती आणि नशीब किती, या तराजूने या धंद्याचे वजन करणे चुकीचे होते. विचारावयाचा प्रश्न असा होता की, नाल कोण घेतो आणि किती वेगाने घेतो.

२०२५ चा कायदा

दरम्यान राज्यांनी आपापल्या परीने प्रयत्न केले. तेलंगणाने २०१७ साली आणि आंध्रने २०२० साली पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली. तमिळनाडू व कर्नाटक यांचे असे कायदे त्या त्या उच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ साली रद्द ठरविले, कारण तेच: कौशल्याचा खेळ म्हणजे जुगार नव्हे. सिक्कीम आणि नागालँड यांनी उलट परवाने देण्याची वाट धरली. एका राज्यात बंद आणि दुसऱ्यात चालू, पण मोबाईलला राज्याची वेस कुठे कळते? केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये नियम करून धंद्याच्याच स्वयंनियामक संस्थांकडे देखरेख सोपविण्याचे ठरविले. त्या संस्था काही उभ्या राहिल्या नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागला. म्हणजे कौटिल्याची वाटही चालून पाहिली.

अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचे प्रवर्तन व नियमन करणारा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. अशा खेळांत लोक वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात, असा अंदाज त्या वेळी सरकारने मांडला होता. या कायद्याने जुना प्रश्नच बाजूला सारला. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोहोंचा. जिंकून पैसा मिळेल या आशेने पैसा भरावयाचा असेल, तर तो 'ऑनलाइन मनी गेम' आणि त्याला मनाई. पैसा न लावता खेळावयाचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स नावाच्या स्पर्धा यांना मात्र वाव ठेवला आहे.

शिक्षेचा रोखही बदलला. खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. पैशाची ने-आण करून देणाऱ्यालाही तीन वर्षे व १ कोटीपर्यंत. पुन्हा तोच गुन्हा केल्यास शिक्षा वाढते. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. तो गुन्हेगार नसून पीडित आहे, अशी कायद्याची दृष्टी आहे. कायदा संमत होताच ड्रीम ११ आणि तिच्यासारख्या मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले.

या कायद्यावरचे आक्षेपही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की, जुगार हा विषय राज्यांचा. १९५५ साली संसदेने राज्यांच्या विनंतीची वाट पाहिली, २०२५ साली पाहिली नाही. केंद्राची बाजू अशी की, इंटरनेटवरचे दळणवळण आणि राज्याराज्यांतील व देशाबाहेरचा व्यवहार हे विषय केंद्राचे आहेत. दुसरा आक्षेप असा की, कौशल्याच्या खेळाचा धंदा हा मूलभूत हक्क न्यायालयांनी मानलेला आहे. तिसरा व्यवहाराचा: येथे कर भरणाऱ्या कंपन्या गेल्या की लोक परदेशातील चोरट्या कंपन्यांकडे वळतील. या मुद्द्यांवर उच्च न्यायालयांत याचिका झाल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या स्वतःकडे घेतल्या. तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, हे मटक्याचा इतिहास जाणणारा नाकारणार नाही. तो कायद्याने कधीच पुरता मेला नाही. तथापि, चोरून चालणारा धंदा आणि क्रिकेटच्या प्रत्येक षटकानंतर घरातल्या पोरांना हाक मारणारा धंदा यांत फरक आहे. पहिल्याकडे माणसाला शोधत जावे लागते. दुसरा माणसाला शोधत येतो.

घराने काय ध्यानात ठेवावे

काही गोष्टी व्यवहाराच्या आहेत. पहिली: 'तुझे बँक-खाते वापरू दे, महिन्याला इतके देतो' असे सांगत कोणी तरुणाकडे आला, तर त्याला उभे करू नये. चोरट्या सट्ट्याचा पैसा फिरविण्यासाठी अशी भाड्याची खाती लागतात. आपण एक पैसाही खेळलो नाही असे त्या मुलाने कितीही सांगितले, तरी कायद्याने पैशाची ने-आण करणाऱ्याकडे बोट दाखविले आहे आणि खाते त्याच्या नावाचे आहे. त्याचप्रमाणे गावातल्या मंडळींना 'लिंक' पाठवून त्यावर दलाली घेणारा स्वतःला खेळाडू समजत असेल. कायदा त्याला खेळाडू समजेलच असे नाही.

दुसरी: फसवणूक झाली, खात्यातून पैसे गेले, तर तासा-दोन तासांत १९३० या क्रमांकावर कळवावे. लाजेने दोन दिवस काढले की पैसा अनेक खात्यांतून पुढे गेलेला असतो.

तिसरी: हरलेला पैसा भरून काढण्यासाठी बिनपरवाना सावकाराकडे जमीन लिहून दिली असेल, तर सगळे संपले असे मानू नये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि अशा व्यवहारात गेलेली जमीन चौकशीअंती परत करविण्याची तरतूद त्यात आहे. तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे करता येते.

चौथी गोष्ट कायद्याची नव्हे, पण सर्वांत महत्त्वाची. हरणारा माणूस प्रथम पैसा लपवितो, मग कर्ज लपवितो आणि शेवटी तोंड लपवितो. त्या टप्प्यावर घरच्यांनी हिशेब विचारण्याआधी त्याला जेवावयास बसवावे. कायद्याने त्याला गुन्हेगार म्हटलेले नाही. घरानेही म्हणू नये. मन खचले असेल तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला फुकट मिळतो.

आता आरंभीच्या चौघांकडे परत जाऊ. आज गंमत अशी आहे की, पारावर घोंगडी टाकून बसलेले चौघे १८८७ च्या कायद्याने अजून गुन्हेगारच आहेत, आणि अंथरुणावर मोबाईल घेऊन पडलेले चौघे २०२५ च्या कायद्याच्या दृष्टीने पीडित आहेत. एकाच राज्यात, एकाच डावाला, दोन कायदे दोन नावे देतात. माझ्या मते यातील नवा विचार अधिक बरोबर आहे आणि कधीतरी जुन्या कायद्यालाही तो शिकावा लागेल. घोंगडीवर बसलेल्याला कोठडीत घालून जुगार थांबला नाही. नाल घेणाऱ्याचा हात धरला तर तो थांबण्याची निदान आशा आहे. पावसाच्या सट्ट्याच्या वेळी कायदा एका वर्षात जागा झाला होता. या वेळी त्याला फार उशीर झाला. मधल्या काळात जी घरे बुडाली त्यांना हा कायदा काही परत देत नाही. उरलेल्या घरांनी तरी मोबाईलवरची नाल ओळखावी, एवढ्यासाठी हा सगळा ऊहापोह केला.